काळी चारची शपथ

आमच्या नाटक कंपनीच्या नायिकेचा आवाज फाटला तो पाटणच्या मुक्कामात, तिसऱ्या अंकातल्या पदात, वरच्या षड्जावर. नायिका त्रेपन्न वर्षांची होती आणि दिवसातून दोनदा दाढी करायची. सगळी कंपनी त्यांना बुवा म्हणायची. शालू नेसून, गंगावन लावून ते रंगमंचावर आले की पुढच्या रांगेतल्या बायका आपले पदर सारखे करायच्या, इतकं त्यांचं नेसणं देखणं. आणि आवाज तर असा की वरचा सूर लागला की कनातीबाहेरचे फुकटे ऐकणारेसुद्धा वाहवा म्हणायचे.

मी खाली पायपेटीवर होतो. पायपेटी म्हणजे ऑर्गन. पायांनी भाता मारायचा आणि हातांनी सूर धरायचा. सात वर्षं मी बुवांसमोर बसून ती वाजवत होतो आणि सात वर्षांत त्यांचा सूर इकडचा तिकडं झालेला ऐकला नव्हता. त्या दिवशी तो सूर वर गेला, थरथरला आणि दुभंगला. माझे पायच थांबले, पेटी मुकी झाली. तबलजींनी माझ्याकडं बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. नशीब एवढंच की नायिका त्या प्रवेशात रडत असते. प्रेक्षकांना वाटलं बुवांनी हुंदका दिला. एका म्हातारीनं तर डोळ्याला पदर लावला.

आत गेल्यावर बुवा पोटभर खोकले आणि म्हणाले की कोयनेची हवा दमट, घशात बसली. सगळ्यांनी मान डोलावली. कुणीतरी हळद-दूध आणलं. मी मात्र रात्रभर जागा होतो, कारण तो खोकल्याचा आवाज नव्हता हे मला कळलं होतं. पेटीवाल्याला ते कळतंच, त्याचा इलाज नसतो.

आता आमच्या कंपनीच्या दोन रीती सांगायला हव्यात, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिली अशी की नांदीच्या आधी, पडदा पडलेला असताना, पेटीवाल्यानं वर जाऊन मुख्य गायकाला वाकून पट्टी सांगायची. मी म्हणायचो, ‘बुवा, काळी चार.’ बुवा डोळे मिटून म्हणायचे, ‘द्या.’ मग मी खाली येऊन तो सूर धरायचो आणि सगळी कंपनी त्याच पट्टीत गायची, मग कुणाला झेपो न झेपो. काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. पुरुषाला ती चांगलीच उंच. पण बुवा आणि काळी चार ही जोडी म्हसवडपासून सांगलीपर्यंत ठाऊक होती. दुसरी रीत अशी की गाणाऱ्यानं पेटीला बोट लावायचं नाही. हा बुवांच्या गुरूंनी घालून दिलेला दंडक होता. सूर दुसऱ्याच्या हातात असला की गाणारा नमून राहतो, असं ते म्हणायचे. बुवांनी आयुष्यात पेटीला हात लावला नव्हता. सकाळच्या रियाजाचा तंबोरासुद्धा मीच पेटीवरून जुळवून द्यायचो.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो, वाकलो आणि म्हणालो, ‘बुवा, काळी चार.’ ते म्हणाले, ‘द्या.’ खाली येऊन मी तिच्या शेजारची, अर्ध्या सुरानं उतरलेली पांढरी पाच धरली.

तबलजींना तेवढं आधी सांगून ठेवलं होतं, कारण तबलाही उतरवायला हवा. ते मिरजेचे, वयानं माझ्याहून मोठे, बोलायला कंजूष. हातोडी घेऊन गुपचूप ठोकत बसले आणि एवढंच म्हणाले, ‘सर्दी जाईपर्यंतच ना, मास्तर?’ मी म्हटलं, सर्दी जाईपर्यंतच. त्या प्रयोगात बुवांना तीन वन्समोअर मिळाले. खेळ संपल्यावर ते गंगावन सोडत हसत माझ्याकडं आले. आवाज गेला नव्हता, लपून बसला होता, म्हणाले. मला इतका आनंद झाला की आपण काय केलंय हे मी विसरूनच गेलो.

सर्दी गेली. मलकापूरच्या मुक्कामात मी इमानदारीनं पुन्हा काळी चार धरली. दुसऱ्याच पदात बुवांच्या मानेची शीर टरारली, सूर काठावर येऊन डगमगला. मधल्या गद्यात मी बोट खाली सरकवलं, तबलजींनी हातोडी उचलली. पुढची पदं रंगली. त्यानंतर काळी चार परत आली नाही. वर्षानं आणखी एक पायरी उतरावी लागली, काळी तीन. सकाळचा तंबोराही मी तिथंच जुळवून द्यायचो. आणि तरीही दर खेळाला मी वाकून ‘काळी चार’ म्हणतच होतो. माणूस पहिल्यांदा खोटं बोलतो तेव्हा त्याचे हात कापतात, शंभराव्यांदा बोलतो तेव्हा तो पानाला चुना लावत असतो. माझंही तसंच झालं.

लपून काय राहतंय! सगळी कंपनी त्याच पट्टीत गाणारी. आमच्या खलनायकाची पदं मुळातच खर्जातली, त्याला खालचे सूर सापडेनात. एके दिवशी जेवताना तो माझ्या कानाशी लागून म्हणाला की मास्तर, आणखी एक पायरी उतरलात तर मला विहिरीत उतरून गावं लागेल. आम्ही दोघंही हसलो. मालकांनाही ठाऊक होतं. त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन फक्त पाठ थोपटली. गावोगाव बोलपटांचे तंबू लागलेले, युद्धामुळं रॉकेल मिळेना, शालू विरत चाललेले आणि नवं कापड दिसेना. बुवा म्हणजेच कंपनी होती. तेव्हा सगळ्यांनी मिळून एका माणसाला फसवायचं, आणि तेही त्याच्यावरच्या प्रेमापोटी, असं ठरून गेलं. ठरवायला कुणी बैठक घेतली नाही.

पण साताऱ्यात जे झालं त्याला मी एकटा जबाबदार. तिथं वाटेकरी कुणी नाही.

साताऱ्याच्या मुक्कामात बुवांना एक पत्र आलं. मुलींच्या एका शाळेला गायन शिकवणारा वयस्क, घरंदाज माणूस हवा होता. शाळेच्या आवारात दोन खोल्या राहायला, आणि हातपाय चालतील तोवर काम. बुवांनी मला सकाळी बिऱ्हाडी बोलावलं. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. म्हसवडकडच्या मेंढपाळ घरातल्या, उंच, उन्हानं काळवंडलेल्या, अंगावर जाडंभरडं लुगडं. तीस वर्षं हा नवरा गावोगाव दुसऱ्या बायकांचे शालू नेसून हिंडला आणि ही तिकडं दुष्काळात त्याची शेळ्या-मेंढरं आणि म्हातारी माणसं सांभाळत राहिली. पत्राची बातमी कळली तशी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीत बसून एकटी साताऱ्याला आली होती. येताना स्वयंपाकाची भांडी घेऊनच आली होती.

बुवा रंगमंचावर छापील मराठी बोलायचे, खाली उतरले की म्हसवडचं. मला म्हणाले, ‘‘मास्तर, आवाज असल तर कंपनी सोडनं पाप हाय. आन नसल तर म्या आजच सोडतो. मला माझं कळत न्हाई. गानाऱ्याला आपला आवाज आतनं ऐकू येतो, बाहीरनं न्हाई. तुमी सांगा.’’

मी टोपीची घडी घालत बसलो. त्यांना वाटलं मी भिडेनं बोलत नाही. त्यांनी माझा उजवा हात धरला आणि आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ठेवला. वाद्यावर हात ठेवून गाण्याबजावण्यातला माणूस खोटं बोलत नाही, अशी आमच्यात श्रद्धा. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि त्यांना काय ऐकायचं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याबरोबर दीड वर्षाच्या प्रत्येक खेळातलं खोटं बाहेर आलं असतं. आणखी एक गोष्ट कबूल करतो, जी मी तेव्हा स्वतःशीही कबूल केली नव्हती. बुवा गेले असते तर मी कोण होतो? त्यांच्या आवाजाखाली वाजवतो म्हणून मला लोक मास्तर म्हणत.

मी म्हणालो, ‘‘काळी चार, बुवा. जागच्या जागी आहे.’’

बुवांचा चेहरा उजळला. वहिनी आत निघून गेल्या. थोड्या वेळानं आतून भांडी पोत्यात भरल्याचा आवाज आला. त्याच दुपारी बुवांनी शाळेला नकाराचं पत्र धाडलं. स्वतःला लिहिता येत नसे म्हणून पोस्टाजवळच्या कारकुनाकडून लिहून घेतलं. संध्याकाळच्या खेळात त्यांनी असं काही गायलं की पायांनी भाता मारता मारता मला हुंदका आवरेना. काळी तीनमध्ये गायले ते.

त्यानंतर कंपनी सांगलीला आली. तोवर आणखी एक पायरी गेली होती. पांढरी चार. म्हणजे मूळ पट्टीपासून तीन पायऱ्या खाली. हळदपेठेजवळच्या थिएटरात आमचे खेळ लागले होते. तिथल्या एका वकिलांना गाण्याचं वेड. त्यांच्या माडीवर निवडक पंचवीस-तीस माणसं बसून ऐकायची. शनिवारी दुपारी त्यांनी दोन बैठका ठेवल्या. आधी बेळगावकडच्या एक बाई गाणार होत्या, नंतर आमचे बुवा. मी हातपेटी घेऊन गेलो होतो, तबलजी होतेच.

बाई सुरेख गायल्या. पोक्त, शांत, बोलण्यात कानडी हेल. गाणं संपल्यावर त्यांनी आपले दोन्ही तंबोरे उचलून आदरानं बुवांच्या मागं ठेवायला लावले आणि नमस्कार करून म्हणाल्या, काळी चारमध्येच लागलेत, बुवा, आपलीच पट्टी आहे, तशीच असू दे. वकील खूश झाले. सगळे खूश झाले.

मी पुढं झालो आणि म्हटलं की जरा उतरवून घेऊ या, तारा ताणल्यासारख्या वाटताहेत. बुवांनी वळून माझ्याकडं बघितलं. मग माणसांकडं बघून हसत म्हणाले की आमच्या मास्तरांना वाटतंय मी म्हातारा झालो. माडी हसली. तबलजी खाली मान घालून हातोडीशी चाळा करत होते. त्या क्षणी उठून सांगायला हवं होतं. बैठकीचा विचका झाला असता, माझी छीथू झाली असती, झालं असतं काय ते. मी मांडी ठोकून बसलो आणि काळी चार धरली.

पहिली काही मिनिटं ठीक गेली. खालच्या अंगानं बुवा गात राहिले, मात्र तीन-चारदा त्यांनी कपाळाला आठी घालून तंबोऱ्याकडं वळून बघितलं, अनोळखी माणसाकडं बघावं तसं. मग अंतरा आला. वरच्या षड्जाला त्यांनी हात वर केला आणि आवाज जुनं लुगडं फाटावं तसा टरकन फाटला. माडीवर कुणी हललं नाही. त्यांनी पुन्हा सूर घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा आवाज निघालाच नाही, नुसती हवा निघाली आणि तोंड उघडं राहिलं. इतक्यात मागं बसलेल्या बाईंनी, त्यांना सावरावं म्हणून, तोच षड्ज हलकेच लावला. स्वच्छ, भरलेला, अगदी सहज. त्यांच्या मनात दयाच होती. पण ती दया बघवेना. बुवांनी हात जोडले, उठले आणि जिना उतरून निघून गेले. वकिलांच्या हातातलं पानाचं तबक तसंच पुढं धरलेलं होतं.

मी थिएटरात पोचलो तेव्हा ते आधीच तिथं होते. उन्हं कलली होती, दारं उघडी होती, कुणी झाडत होतं त्याला त्यांनी बाहेर पाठवलं. पायपेटीसमोर उभं राहून म्हणाले, ‘काळी चार दाखवा.’ मी दाखवली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पेटीवर बोट ठेवलं. मी भाता मारला. सूर वाजला. मग म्हणाले की रोज धरता ती दाखवा. मी पांढरी चार दाखवली. त्यांनी ती दाबली आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर बघत राहिले. ते अंतर तळहाताएवढंही नव्हतं.

‘‘कवाधरनं?’’ त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, पाटणपासून. ते मनातल्या मनात एकेक मुक्काम मोजू लागले असावेत. मला पुढचा प्रश्न माहीत होता आणि तो येऊ नये म्हणून मी देवाचा धावा करत होतो.

‘‘साताऱ्यात पत्र आलं हुतं, तवा?’’

‘‘तेव्हा दोन पायऱ्या,’’ मी म्हणालो.

ते शिवी देतील, मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर किती बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं की कुणाकुणाला माहीत आहे. मी म्हटलं, सगळ्यांना. त्यांनी हे दोनदा विचारलं, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही. आवाज गेला हे त्यांनी माडीवरच पचवलं असावं. हे मात्र पचेना. तोंडाला रंग लावणारा, शालूच्या निऱ्या करून देणारा, शेजारी जेवणारा, प्रत्येकजण. खालच्या ओठाला हात लावून ते रिकाम्या खुर्च्यांकडं बघत होते. मी पाय धरायला वाकलो तर मागं सरकले. इतकं होऊनही त्यांनी मला एकेरी हाक मारली नाही. मास्तर, उद्याचा खेळ हाय, जेवून घ्या, एवढं बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार, दुपारचा खेळ. थिएटर गच्च भरलेलं. कालच्या माडीवरची काही माणसंही आली होती. बुवा येणार नाहीत असं मालकांना वाटत होतं, पण ते वेळेआधीच रंगायला बसले. पडद्यामागं मी रीतीप्रमाणं वर गेलो. वाकलो. तेव्हा शालू नेसलेले, कुंकू लावलेले बुवा स्वतःच म्हणाले, ‘‘काळी चार. आज खरी द्या.’’

मी हात जोडले. मालक पुढं येऊन काकुळतीला आले, बुवा, असं करू नका. बुवा डोळे मिटून उभे राहिले आणि पुन्हा म्हणाले, ‘द्या.’

मी खाली आलो आणि काळी चार धरली. तबलजींनी तबला चढवला. नांदीला कंपनीतल्या तरुण पोरांनी वेळ मारून नेली. नायिकेचं पहिलं पद आलं. मी ते सगळं लिहिणार नाही. प्रत्येक पदात वरच्या सुराला बुवा गेले आणि प्रत्येक पदात आवाज फाटला. त्यांनी एकही सूर चोरला नाही, एकही जागा खालून घेतली नाही. आधी थिएटर सुन्न झालं. दुसऱ्या अंकात कुणीतरी शिट्टी मारली. पुढच्या रांगेतल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग मागून हसण्याचा लोट आला. मी पेटीवर डोकं इतकं खाली घातलं होतं की पट्ट्या नाकाला लागत होत्या.

तिसऱ्या अंकातलं ते पद आलं. मला खरंच कळलं नाही, बोट आपोआप घसरलं. पांढरी चार वाजली. दोन वर्षांची सवय होती, की मला सहन होईना, काय ते देव जाणे. बुवांनी पहिली ओळ घेतली होती. ते मध्येच थांबले. रंगमंचावर, हजारभर माणसांसमोर, ती नायिका पुढच्या दिव्यांपर्यंत चालत आली आणि वाकून खाली माझ्याकडं बघत उभी राहिली. थिएटरात चिडीचूप झालं. माणसांना कळेना हे नाटकातलंच आहे का. डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं होतं. मी बोट उचललं आणि पुन्हा काळी चारवर ठेवलं. बुवा मागं आपल्या जागी गेले आणि पद पहिल्यापासून, फाटक्या आवाजात, शेवटापर्यंत म्हटलं. अर्धं थिएटर उठून गेलं होतं.

सोमवारी सकाळी ते म्हसवडला निघून गेले. कंपनी आणखी तीन आठवडे कशीबशी टिकली आणि मिटली.

माझ्या डोक्यात एकच होतं, साताऱ्याची ती जागा. मी तडक साताऱ्याला गेलो आणि शाळेच्या मोठ्या बाईंना भेटलो. त्या कडक होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. पाटण, पांढरी पाच, काळी तीन, तंबोऱ्यावर ठेवलेला हात, सगळं. पहिल्यांदाच कुणापुढं तरी खरं बोलत होतो आणि बोलताना हलकं हलकं वाटत होतं. शेवटी म्हटलं की बुवांनी नकार दिला तो माझ्या खोट्यामुळं, त्यांना बोलवा.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे त्यांचा आवाज गेलाय, हे तुम्ही मला सांगायला आलात?’’

म्हटलं, खालच्या पट्टीत ते अजून उत्तम गातात, पोरींना शिकवायला वरचा सूर कशाला हवा. पण सांगलीच्या त्या खेळाची बातमी साताऱ्यातही पोचली होती आणि ती खरी की खोटी हे बाईंना ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. बुवांचं जे थोडं उरलं होतं ते मी माझ्या तोंडानं मोडून टाकलं होतं. बाईंनी कपाटातून एक पत्र काढलं आणि मला वाचायला दिलं. बुवांचं नकाराचं पत्र. कारकुनाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं की आवाज अजून जागेवर आहे असे आमचे पेटीमास्तर सांगतात, आणि सुराच्या बाबतीत हा माणूस कधी खोटे बोलत नाही. पुढेमागे कंपनी बंद पडली तर ही जागा त्यांनाच द्यावी, माझ्यापेक्षा ते चांगले शिकवतील. खाली बुवांचा अंगठा.

बाई म्हणाल्या की सध्या शिकवणाऱ्या बाईचं लग्न ठरलंय, जूनमध्ये जागा रिकामी होते आहे, तुम्ही येता का. इतकं ऐकूनही त्यांनी मला विचारलं. मी विचार करून सांगतो म्हटलं आणि बाहेर आलो. आवारात त्या दोन खोल्या दिसत होत्या, पुढं तुळशीचा कट्टा होता.

मी म्हसवडला गेलो. बुवा सिद्धनाथाच्या देवळापलीकडं भावाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या वाड्यावर, घोंगडं टाकून बसले होते. पांढरी दाढी वाढली होती. मी सगळं सांगितलं, पत्राचंही आणि जागेचंही. वहिनींनी ताकाचा तांब्या पुढं ठेवला. मी तो तोंडाला लावणार इतक्यात त्या म्हणाल्या, ‘‘तुमी त्या दिशी खरं बोलला असता, तर म्या आज साताऱ्यात असते.’’ त्यात राग नव्हता. गेल्या साली पाऊस पडला न्हाई असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी तांब्या तसाच खाली ठेवला.

बुवांनी घोंगडं झटकून पुन्हा अंथरलं. मग म्हणाले, ‘‘जागा घ्या, मास्तर. पोरींना शिकवा. पन कुनाचा सूर गेला तर त्याच दिशी सांगा. दुसऱ्या दिशी सांगता येत न्हाई.’’

तिथून निघताना मी पक्कं ठरवलं की ही जागा घ्यायची नाही. ज्या खोल्यांत वहिनींनी राहायचं त्या खोल्यांत आपला संसार मांडायचा नाही, मग उपाशी मरावं लागलं तरी बेहत्तर. घरी पोचल्या पोचल्या बायकोला हे सांगायचं, म्हणून वाटभर शब्द जुळवत आलो. बायकोला जागेची बातमी साताऱ्याहून आलेल्या कुणीतरी आधीच दिली होती. तिनं ट्रंक उघडून भांडीकुंडी आवरायला घेतली होती, आणि मला बघून हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. मी कोट खुंटीला लावला आणि मनाशी म्हटलं, उद्या सांगू.